छातीवर हात धरून दहा वर्षं

लेकराला कुणी आळशी म्हणालं की माझं डोकं फिरतं. नांदेडच्या एका शाळेत मी आयुष्यभर शिकवलं, आणि प्रत्येक पालकसभेत हा शब्द एकदा तरी ऐकला. "बाई, आमची पोरगी लई आळशी हाय. खेळाचं नाव न्हाई. बसली की बसली." पोरगी शेजारीच उभी असते, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत, आणि तिच्यादेखत हे खुशाल चाललेलं असतं. मी आधी पालकांना गप्प करायची. मग पोरीला व्हरांड्यात नेऊन विचारायची, मैदानावर गेल्यावर तुला नेमकं काय होतं गं? उत्तर लगेच येत नाही. कधी चार दिवसांनी येतं, कधी चार महिन्यांनी. पण येतं. एकीला दोन वर्षांपूर्वी पडल्यावर हसलेली पोरं अजून ऐकू येत होती. एकीची मोठी बहीण इतकी छान खेळायची, की हिनं हात हलवायच्या आधीच हार मानली होती. आळशी त्यातलं कुणीच नव्हतं.

हे शहाणपण मी बीएडला शिकले नाही. मी स्वतः दहा वर्षं आळशी होते. म्हणजे लोक तसं म्हणायचे, आणि मीही त्यांना म्हणू द्यायची.

माझं माहेर लातूरचं. अप्पांचं, म्हणजे वडलांचं, भुसाराचं दुकान होतं. दुकान गंजगोलाईच्या, म्हणजे गोल बाजारपेठेच्या, अंगाला आणि घर मागच्या गल्लीत. आम्ही लिंगायत. आमच्यात लेकराच्या गळ्यात लहानपणीच लिंग बांधतात. चांदीची सुपारीएवढी डबी, तिच्यात लिंग, आणि डबी दोऱ्यात ओवून गळ्यात. ते अंगावेगळं करायचं नाही. रोज आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, कपाळाला विभूती लावायची आणि मगच तोंडात घास घालायचा. लिंग चुकून पडलं तर ते सापडेपर्यंत घरातल्या मोठ्या माणसांच्या घशाखाली पाण्याचा घोटही उतरायचा नाही. सगळीकडे इतकं कडक असेल-नसेल, आमच्या घरी होतं.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी सात वर्षांची होते. विहिरींनी तळ गाठला होता, नळाला फक्त हवा यायची. गल्लीच्या तोंडाशी टँकर थांबायचा. त्याची वेळ ठरलेली नसायची, म्हणून आम्हा लेकरांचं एकच काम होतं. टँकर वळणावर दिसला की घराकडे सुसाट पळायचं, ओरडून सांगायचं, आणि घागर घेऊन तसंच परत पळत जाऊन रांगेत ठेवायची. सगळ्यांत आधी माझी घागर लागायची. माझ्यापेक्षा मोठी पोरं मागं राहायची आणि माझ्यावर चिडायची. दुष्काळाच्या आठवणी सांगताना लोकांचा आवाज जड होतो. माझाही पुढं होतो, पण खोटं कशाला बोलू, त्या उन्हाळ्यात मी अतिशय खूश होते. मला पळायला लई आवडायचं. टाच उचलली की पोटात गुदगुल्या व्हायच्या. आईनं, अप्पांनी, गल्लीनं, सगळ्यांनी मिळून मला पळायचं कामच दिलं होतं.

चैत्रातली एक सकाळ. टँकर आला, मी पळाले, घागर लावली. घामानं कुजलेला दोरा कधी तुटला, मला कळलंच नाही. आई मागून आली आणि तिला माझा गळा मोकळा दिसला.

मग सगळी गल्ली शोधाला लागली. आमच्या घरी चूल पेटली नाही. अप्पांनी दुकान बंद केलं. आईनं पाणी प्यायचं सोडलं. आणि ऊन कसलं होतं म्हणता, पत्र्यावर हात ठेवला तर चटका बसायचा. शेजारच्या काकू म्हणत होत्या, "अगं एक घोट तरी घे," आणि आई नुसती मान हलवत होती. दिवस कलताना टँकरच्या नळाखालच्या चिखलात डबी सापडली. आमचे गुरू, जंगम स्वामी आले, लिंग धुतलं, पूजा झाली, नवा दोरा आला. आणि माझ्या आठवणीत, स्वामी उंबरा ओलांडून गेले आणि आई धाडकन खाली पडली. तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिला उचलून सायकलरिक्षात घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं. ती बरेच दिवस तिथं होती. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, आणि गल्लीतली कुणीतरी बाई दुसरीला म्हणाली, "पोरीनं लिंग पाडलं, आईवर आलं."

तिनं ते मला ऐकवायला म्हटलं नसणार. बायका बोलतात. पण मी ऐकलं, आणि सात वर्षांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. मी पळाले म्हणून लिंग पडलं, लिंग पडलं म्हणून आई पडली. पुन्हा पळाले तर आई मरेल. आई घरी आली तेव्हा तिचे केस गळाले होते आणि हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या. ते बघून तर माझी खात्रीच पटली. कानाला खडा लावला आणि त्या दिवसापासून मी चालायला लागले. नुसतं चालतानाही उजवा हात छातीवर, डबीवर.

दहा वर्षं हा हात तिथून हलला नाही. शाळेत पोरी म्हणायच्या, "ही बघा, शपथ घेऊन राहिली." बसून बसून अंग सुटलं, तेव्हा नवं नाव पडलं, भुसारवाल्याचं पोतं. मीही हसायची. हसलं की माणसं पुढं विचारत नाहीत, हे मला लवकर कळलं होतं. सातवीत कवायतीच्या सरांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, "काढून ठेव ते दप्तरात, आणि पळ." मी त्या रात्री तापानं फणफणले. मग मी अप्पांच्या अक्षरात स्वतःच चिठ्ठ्या लिहायला लागले. पोट दुखतं, पाय मुरगळला, डोकं चढलं. घरातून तक्रार यायची शक्यता नव्हती. पोरीची जात, घरात बसते, शांत आहे, याच्यात वाईट ते काय? मावशा तर माझं उदाहरण देऊन आपापल्या पोरींना बोलायच्या. शाळेत मी आळशी होते आणि घरात गुणी, आणि दोन्हीकडच्यांना मी ठीकच वाटत होते.

संध्याकाळी ओट्यावर बसून मी गल्लीतल्या पोरींचा लंगडीचा खेळ बघायची. माझे पाय आपोआप हलायचे. मग मी ते साडीच्या घडीसारखे नीट पोटाशी ओढून घ्यायची.

मी दहावीत होते तेव्हा लातूर जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. आता अप्पांनी दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून तिथं हौसेनं 'जि. लातूर' रंगवून घेतलं आणि आल्या-गेल्याला पेढा दिला. नव्या जिल्ह्याची नवी कचेरी आली, नवे साहेब आले, आणि आमच्या शाळेला कळवलं गेलं की आता जिल्ह्याच्या क्रीडास्पर्धा आपल्याच गावात होणार, मुलींचीही नावं पाठवा. मुलींची? हेडबाईंनी कपाळाला हात लावला. आमच्या शाळेतल्या मुली लेझीम खेळायच्या, तेही पंधरा ऑगस्टला.

त्याच पावसाळ्यात खेळाच्या नव्या बाई आल्या. किनवटकडच्या होत्या, जंगलातल्या एका खेड्यातल्या. वसतिगृहात राहून शिकलेल्या. पंचविशीच्या असतील. सडसडीत, काळ्यासावळ्या, गोल पातळाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवरून शिक्षकांच्या खोलीत आठ दिवस चर्चा झाली म्हणे. बाईंना त्याची काही फिकीर नव्हती.

पहिल्याच तासाला त्यांनी मला हेरलं. "ती छातीला हात लावलेली पोरगी, इकडं ये." वर्ग फिस्सकन हसला. बाईंनी वर्गाकडे एकदा नुसतं बघितलं आणि मला बाजूला नेलं.

"छातीत दुखतं का तुझ्या?"

"हाव," मी म्हणाले. चिठ्ठी लिहिण्यापेक्षा हे सोपं होतं.

मला वाटलं, सुटले. बाई मात्र ते खरं धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी हेडबाईंना सांगून त्यांनी मला थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी नळी छातीला लावली आणि डबीला लागून ठण्ण वाजलं. "हे जरा बाजूला कर गं," ते म्हणाले, आणि मी दोन्ही हातांनी डबी अशी घट्ट धरली की त्यांनी चमकून माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी जास्त न बोलता नळी पाठीला लावली, नाडी बघितली, मला दहा उठाबशा काढायला लावल्या, पुन्हा ऐकलं. "बाई, हिच्या काळजाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "घोड्यासारखं आहे. वापरत नाही एवढंच."

बाहेर लिंबाखाली बाकडं होतं. बाई बसल्या, मलाही बसवलं. खोटं पकडलं गेलं होतं, आता बोलणी खावी लागणार म्हणून मी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "गळ्यात काय आहे ते मला समजावून सांग. मी आमच्या जंगलातली बाई, मला तुमच्यातलं काही ठाऊक नाही."

दहा वर्षांत मला कुणी काही समजावून सांगायला लावलं नव्हतं. लोक माझ्याकडं बघून स्वतःच समजून घ्यायचे. मी सांगितलं. लिंग म्हणजे काय, पडलं तर काय होतं, माझं कसं पडलं होतं. आईचं मात्र सांगितलं नाही. ते तोंडाशी यायचं आणि मागं जायचं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "काढून ठेव" म्हणाल्या नाहीत. उलट विचारलं, "तुमच्यातल्या शेतात राबणाऱ्या बाया असतील की. खुरपतात, मोट धरतात, ओझी उचलतात. त्या काय करतात मग?"

मी दुकानदाराची पोर. आमच्या घरातल्या बायका स्वयंपाकघर ते देवघर, यापलीकडं हलायच्या नाहीत. शेतातल्या बायकांच्या गळ्यातही लिंग असतं, आणि त्या दिवसभर वाकतात, हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवलाच नव्हता. इतकी वर्षं मी एका हातानं जगत होते, आणि माझी सख्खी मामी निलंग्याकडं दोन्ही हातांनी शेती करत होती.

रविवारी बाई आणि मी एसटीनं मामाच्या गावी गेलो. अप्पांना बाईंनी काय सांगितलं कोण जाणे, पण आईनं धपाटे बांधून दिले. दिवाळी तोंडावर होती, ज्वारीची काढणी चालली होती. मामी शेतातच सापडली. विळा खाली ठेवून तिनं बाईंना "शरणार्थ" म्हणून हात जोडले, मला जवळ ओढलं, आणि आम्ही कशासाठी आलो ते ऐकून कमरेवर हात ठेवून हसली.

"अगं येडे, आम्ही काय दिवसभर छातीला हात लावून बसतो व्हय? मग ज्वारी कोण काढावं, तुझ्या मामानं?"

तिनं मला कडब्याच्या गंजीआड नेलं आणि पदर सरकवून दाखवलं. जुन्या लुगड्याची हातभर रुंदीची पट्टी, तिची मधोमध घडी, घडीत लिंग, आणि पट्टी एका खांद्यावरून दुसऱ्या बगलेखालून ओढून पाठीमागं गाठ. "बेंबीच्या वर राहिलं म्हणजे झालं," ती म्हणाली. "दुष्काळात मी ह्याच पट्ट्यावर रस्त्याची खडी फोडली. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. पडलं का कधी? न्हाई." मग तिनं आपल्या पेटीतलं एक मऊ लुगडं टराटरा फाडलं आणि मला पट्टा बांधून दिला. "आता उडी मार." मी मारली नाही. "मार की." मी टाचा उचलल्या आणि खाली टेकवल्या. डबी जागची हलली नाही. मामीला तेवढं पुरलं, ती काढणीला निघून गेली. बाईंनी तिच्याकडून दुसरा विळा मागून घेतला आणि ऊन चढेपर्यंत तिच्याबरोबर ज्वारी कापली. तेव्हापासून मामी मला विचारायची, तुझी ती बूटवाली बाई कशी हाय?

आता पळायला काय हरकत होती? काही नव्हती. सोमवारी मैदानावर पट्टा बांधून उभी राहिले, बाईंनी शिट्टी वाजवली, बाकीच्या पोरी गेल्या, आणि मी होते तिथंच. पुन्हा शिट्टी झाली, तरी तेच. तिसऱ्यांदा बाईंनी शिट्टी वाजवली नाही. त्या माझ्याजवळ येऊन मातीत बसल्या, आणि मीही बसले, आणि मग आईचं सगळं बाहेर पडलं. टँकर, उपास, सायकलरिक्षा, ती दाराशी बोललेली बाई. मी हुंदके देऊन रडत होते. सोळा वर्षांची घोडी झाले होते, पण रडत होते सात वर्षांच्या पोरीसारखी.

बाईंनी मला रडू दिलं. मग विचारलं, "हे आईला कधी बोललीस?"

"न्हाई."

"काहून?"

"तिला वाईट वाटंल."

"मग मी तुला काही सांगत नाही," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तिला काय झालं होतं ते तिलाच ठाऊक. तिला विचार. शर्यतीत पळाली नाहीस तरी चालंल मला. पण विचार."

आज मी बाईंच्या तेव्हाच्या वयाच्या दुपटीहून मोठी झाले, शेकडो पोरी हाताखालून गेल्या, आणि अजून मला वाटतं की तिथं दुसरं कुणी असतं तर मला समजावत बसलं असतं. असं काही नसतं गं, ही अंधश्रद्धा आहे, वेडी आहेस का. मी मान हलवली असती आणि जन्मभर चालत राहिले असते. बाईंनी माझी भीती खोटी म्हटली नाही. ती जिथून आली होती तिथं मला परत धाडलं. त्यांचे उपकार मी कसे फेडू? पुढं माझं लग्न नांदेडला झालं तेव्हा बाई त्याच जिल्ह्यातल्या हिमायतनगरला बदलून आल्या होत्या. मी शोधत गेले, त्यांच्या पाया पडले. त्यांना दवाखाना आठवत होता, मामी तर चांगलीच आठवत होती. मातीत बसून मला काय म्हणाल्या ते मात्र साफ विसरल्या होत्या. "असं म्हणाले का मी?" एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

आईला विचारायला मला चार दिवस लागले. ती दुपारची माजघरात ज्वारी निवडत बसली होती. मी समोर बसले, माझ्याकडंही मूठभर दाणे ओढून घेतले, आणि खाली बघतच म्हणाले, "आई, तू दुष्काळात दवाखान्यात होतीस, ते माझ्यामुळं ना? मी पळाले, लिंग पडलं, तू पाणी सोडलंस, म्हणून."

आईचे हात थांबले नाहीत. "कोण म्हणलं तुला?"

"कुणी न्हाई. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे तुला? विषमज्वर होता मला. आठ दिवस आधीपासून अंगात ताप होता. सांगितलं असतं तर पाणी कुणी भरलं असतं? म्हणून दडवून ठेवला. आणि पडले ती दुसऱ्या दिवशी दुपारी. लिंग सापडलं त्या संध्याकाळी तर तू माझ्या ताटात बसून जेवलीस. गूळ-भाकर खाल्लीस. आठवत न्हाई?"

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मधली एक अख्खी रात्र आणि अर्धा दिवस माझ्या डोक्यातून गळून पडले होते आणि दोन टोकं एकमेकांना जाऊन चिकटली होती. मला एकदम हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी इतका संताप आला की बस. दहा वर्षं. दहा वर्षं मी कुणासाठी पाय पोटाशी घेऊन बसले होते?

आता मात्र आईचे हात थांबले होते. सूप मांडीवर घेऊन ती दाण्यांकडं बघत होती.

"मला वाटत होतं," ती म्हणाली, "मी मारलं म्हणून तू पळायचं सोडलंस."

"कधी मारलंस?"

"त्याच दिवशी. तुझा गळा मोकळा दिसला अन् माझं डोकंच फिरलं. अंगात ताप, वर ते ऊन. भरल्या गल्लीत तुझ्या तोंडात मारली. पळशील का पुन्हा, पळशील का, असं म्हणत मारली. दोनदा. आणि तू खरंच पुन्हा पळाली न्हाईस. दवाखान्यातून आले तर तू चालून राहिलीस, छातीला हात लावून. ओट्यावर बसायचीस तेव्हा मी आतून बघायची. म्हणायची, जा की गं. पण तोंडानं म्हणायचं धाडस झालं न्हाई. तू म्हणाली असतीस, तूच तर मारलंस, मग मी काय करणार होते?"

मला ते मारणं आठवत नाही. शपथेवर सांगते, त्यातलं काहीही आठवत नाही. जे आईनं दहा वर्षं उरावर बाळगलं ते माझ्या लेखी घडलंच नव्हतं, आणि जे मी बाळगलं ते तिच्या लेखी. एकाच छपराखाली, एकाच ताटात जेवून. मी ज्वारीत हात घालून रडले. आई रडली नाही. तिनं माझ्या खांद्यावरचा पट्टा बोटानं ओढून बघितला, मामीसारखी मारलेली गाठ तिला सैल वाटली, ती सोडून तिनं पुन्हा आवळून बांधली. मग विचारलं, "कधी आहे ती शर्यत?"

घरात खळखळ झालीच. लग्नाची पोर चारचौघांत पळणार, लोक काय म्हणतील. मावशी तर खास औशाहून आली समजवायला. आईनं तिला पोटभर जेवू घातलं आणि सांगितलं, "मी पण जाणार आहे बघायला." आई उभ्या जन्मात कुठल्या मैदानावर गेली नव्हती. शर्यतीच्या सकाळी अप्पांनी दुकानातल्या पोत्यांच्या सुतळीनं माझ्या उसन्या बुटाचा तुटका बंद नीट करून दिला.

चारशे मीटर, म्हणजे मैदानाची एक पूर्ण फेरी. आम्ही नऊ जणी होतो, कुणी उदगीरची, कुणी अहमदपूरची. चुन्याच्या रेषेवर उभी राहिले आणि हात सवयीनं छातीवर गेला. खाली पट्टा लागला, घट्ट. हात खाली आला. शिट्टी झाली आणि मी निघाले. काय सांगू, छान-बिन काही पळाले नाही. पहिल्या वळणालाच दम लागला, पोटात कळ आली, अंग थुलथुल हलत होतं आणि पोरं दोरीपलीकडून ओरडत होती, पोतं आलं, पोतं आलं. ते मला ऐकूही येत होतं. पण शेवटच्या सरळ पट्टीत टाच उचलली आणि पोटात त्या जुन्या गुदगुल्या झाल्या, आणि मी हसायला लागले. हसत हसतच सहावी आले. नवीन जिल्ह्याच्या संघात माझं नाव कुठंही नव्हतं. बाईंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी खोकले.

आई दोरीशी उभी होती. जरीचं पातळ, डोक्यावर पदर, कपाळाला विभूती. लग्नाला आल्यासारखी आली होती. मी धापा टाकत तिच्यापुढं गेले.

"बघितलंस?"

"न्हाई," आई म्हणाली.

"अगं, तुझ्या समोरून तर गेले मी."

"गेली असशील. मला काही दिसलं न्हाई, डोळ्यांत सारखं पाणी येऊन राहिलं होतं." तिनं पदराच्या टोकानं दोन्ही डोळे नीट कोरडे करून घेतले आणि दोरीवर दोन्ही हात ठेवले. "परत पळ."

मी बाईंकडं बघितलं. पुढं मुलांच्या शर्यती होत्या, त्या संपेपर्यंत आम्ही तिघी मांडवाच्या सावलीला बसून राहिलो. माणसं पांगली, पंच निघून गेले, चुन्याच्या रेषा पुसट झाल्या. मग बाई उठल्या, रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या एकटीसाठी शिट्टी वाजवली. मी पूर्ण फेरी पळाले, आणि आईनं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली.